सोमवारचा श्वास

दुसऱ्या मजल्यावरच्या श्वास तपासायच्या खोलीत फुंकणीबाईंचा शब्द शेवटचा असे. हे नाव त्यांना कुठल्याशा पेशंटने ठेवलं आणि ते चिकटलं. दिवसभर "फुंका, फुंका, फुंका! अजून, अजून, सोडू नका, अजून!" असं ओरडणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? आवाज खालच्या कॅन्टीनपर्यंत जायचा. नव्या माणसाला वाटायचं, वर कुणी बाळंत होतंय. बाईंना नावाचा राग नव्हता. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर त्यांना दोनदा ऐकावी लागायची.

खोली लहानच. एका भिंतीशी मशीन, समोर पाठ ताठ ठेवणारी लाकडी खुर्ची, खिडकीखाली सिंक, आणि सिंकच्या बाजूला निळा टब. पेशंटच्या तोंडात गेलेल्या नळ्या, नाकाचे चिमटे, जोडण्या, सगळं त्या टबातल्या द्रावणात अर्धा तास बुडवून ठेवायचं आणि मग खळखळून धुवायचं. द्रावणाला असा उग्र वास की पहिल्या दिवशी डोळ्यांना धार लागायची आणि दुसऱ्या महिन्यात काही वाटेनासं व्हायचं. बाईंना अठरा वर्षं झाली होती. त्यांना तर त्या वासाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

मशीन खरं बोलतंय की नाही हे पाहायचे तिथे दोन मार्ग होते. रोज सकाळी तीन लिटरची मोठी सिरिंज लावायची, दांडा ढकलायचा. मशीनने तीन लिटर दाखवले की झालं. पण सिरिंज पडली धातूची. माणूस दांड्यासारखा सरळ थोडाच असतो? म्हणून दर सोमवारी एका धडधाकट माणसाने, नेहमीच्या त्याच माणसाने, मशीनमध्ये फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा जागच्या जागी असला तर मशीन ठीक. हा नियम अशा सगळ्या खोल्यांमधून पाळतात. या खोलीतला तो धडधाकट माणूस म्हणजे बाई.

पहिल्या सेकंदात दोन लिटर ऐंशी. हा बाईंचा आकडा. कधी अठ्ठ्याहत्तर, कधी ब्याऐंशी, त्यापलीकडे नाही. मोठे डॉक्टर (जे उंचीने बाईंच्या खांद्याला लागत) पाहुण्या डॉक्टरांना ती वही कौतुकाने दाखवायचे. "आमच्या बाईंचा श्वास बघा. भिंतीवरचं घड्याळ यावर लावावं." बाई वरवर म्हणायच्या, "पुरे हो सर." आतून मात्र अंगावर मूठभर मांस चढायचं. कुणाला गळा असतो, कुणाला हात असतात. बाईंना श्वास होता, आणि शेकडो आजारी माणसांचे श्वास त्यावर तोलले जात होते.

मग एका सोमवारी आकडा आला दोन लिटर बाहत्तर. बाईंनी पुन्हा फुंकलं. एकाहत्तर. त्यांनी मशीनकडे असं पाहिलं, जसं आपण उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्याकडे पाहतो. फिल्टर बदलला, जोडणी घट्ट केली, बाहत्तर लिहून टाकलं. पुढच्या महिन्यात सदुसष्ट. त्याच्या पुढे चौसष्ट. सिरिंज मात्र रोज सकाळी तीनच दाखवत होती, जणू काही घडलंच नाही.

"बाई, सिरिंज खोटं बोलत नाही," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मग मी बोलते का सर?"

डॉक्टर हसले. बाई खोटं बोलतील हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. "तुमचं म्हणणं काय?"

"सिरिंज आपण सावकाश ढकलतो. माणूस एकदम फुंकतो. जोराच्या हवेला मशीन कमी मोजतंय. आतलं काहीतरी झिजलंय."

ऐकायला अगदी पटणारं होतं. बाईंनी अठरा वर्षं मशीनं ओळखली होती, आणि त्यांच्या तोंडून आलेली गोष्ट शहाणीच वाटायची. इंजिनियरला बोलावलं. त्याने मशीन उघडलं, पुसलं, तारा हलवून पाहिल्या, परत बंद केलं.

"मशीन ठणठणीत आहे बाई."

"मग काय मी आजारी आहे?" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

खोलीतले सगळे हसले. इंजिनियर हसला, डॉक्टर हसले, नोंदणीच्या खिडकीवर बसणारी पोरगेली बाई, जिला सगळे खिडकीवाली म्हणत, तीही हसली. आणि हसता हसता बाईंना जरा खोकला आला. तो हल्ली यायचाच. बारीक, कोरडा, नळ्या धुताना जास्त. नवरा दर रविवारी म्हणायचा, "आज तुझा खोकला कमी आहे." बाई म्हणायच्या, "तुमच्यासमोर खोकायची हिंमत होत नाही." हा त्यांच्या घरातला ठरलेला विनोद होता, आणि दोघांपैकी कुणीही त्यापुढे विचार केला नाही.

आकडा दोन पंचावन्नवर आला तेव्हा डॉक्टरांनीच हात टेकले. नव्या मशीनचा अर्ज केला. तो वरच्या टेबलांवरून फिरून येईपर्यंत पेशंट थोडेच थांबणार? तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तोवर असं करा, छापील आकड्याशेजारी पेन्सिलीने दहा टक्के वाढवून लिहीत जा. मी पेन्सिलीचा आकडा धरतो." बाईंनी पेन्सिलीला छान टोक काढलं. निष्कारण कुणाला आजारी ठरवलं जाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ होती. ती अगदी खरी होती, म्हणून तर आणखी वाईट.

पेन्सिल सुरू होऊन पंधरवडा झाला असेल, तेव्हा पिठ्या आला.

पिठ्या म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. पावाच्या कारखान्यात पीठ मळायच्या खात्यात होता. मोठमोठ्या मिक्सरमध्ये पोतीच्या पोती ओतायची. घरी यायचा तेव्हा भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या सगळं पांढरं. लहानपणी दोघं बादलीत तोंड बुडवून श्वास कोण जास्त धरतो याची पैज लावत, आणि ताईच जिंकायची. तो दर वेळी नाकातोंडात पाणी जाऊन वर यायचा आणि म्हणायचा, "परत. आता परत." हरल्याची लाज त्याला कधी वाटली नाही. चाळिशीला टेकला तरी स्वभाव तोच.

"ताई, मला मुकादम करतायत," तो खुर्चीत बसत म्हणाला. "अख्खं खातं माझ्या हाताखाली. फक्त श्वासाचा दाखला हवा. धुळीच्या कामाला योग्य, असं लिहिलेला."

"खोकतोस का रे?"

"पिठात असतो ताई. खोकणार नाही तर काय गाणं म्हणणार?"

"छातीत शिट्टी वाजते?"

"कधीमधी. सुट्टीत गावाबाहेर गेलो होतो, दहा दिवस काही नाही. हवाच चांगली तिथली."

हे वाक्य ऐकून बाईंचे कान टवकारायला हवे होते. कामावर त्रास आणि सुट्टीत आराम, ही गोष्ट त्या पेशंटना खोदून खोदून विचारत असत. पण समोर भाऊ होता, आणि भावाला कुणी पेशंटच्या नजरेने पाहत नाही. त्यांनी त्याच्या नाकाला चिमटा लावला, माउथपीस हातात दिला आणि म्हणाल्या, "बादली आठवते ना? उलटं करायचं. सगळा बाहेर." आणि मग त्या अशा ओरडल्या की कॅन्टीनमधल्या लोकांनी वर पाहिलं. पिठ्याने डोळे बाहेर येईस्तोवर फुंकलं. तीनदा.

मशीनने छापलं: त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाने जेवढं फुंकावं त्याच्या अठ्ठ्याहत्तर टक्के.

ऐंशीच्या खाली आलं की डॉक्टर पुढची टेस्ट सांगत. बाई तिला चिडवायची टेस्ट म्हणत. पेशंटला आधी नुसत्या खाऱ्या पाण्याची वाफ हुंगायला द्यायची, मग औषधाची अगदी पातळ वाफ, मग तिच्या चौपट, मग त्याच्याही चौपट, आणि दर वेळी फुंकायला लावायचं. निरोगी माणसाच्या श्वासनळ्या त्या औषधाला भीक घालत नाहीत. पण काहींच्या नळ्या अशा तापट असतात की जरा कुणी काही बोललं की दार लावून बसतात. "आपल्याला नळीचा स्वभाव बघायचाय," बाई पेशंटला समजावत. "नाकाच्या शेंड्यावर राग असलेली नळी चांगल्या दिवशी अगदी गुणी दिसते. म्हणून तिला मुद्दाम डिवचायचं." वीस टक्के श्वास पडला की टेस्ट थांबवायची, नळ्या मोकळ्या करणारा पंप द्यायचा, आणि कागदावर लिहायचं की या माणसाला धुळीपासून लांब ठेवा.

पिठ्याच्या अठ्ठ्याहत्तरशेजारी बाईंनी पेन्सिलीने लिहिलं: शहाऐंशी. हिशेबाला चोख. डॉक्टरांनी शहाऐंशी पाहिलं, चिडवायच्या टेस्टची गरज नाही म्हणाले, आणि दाखल्यावर सही केली. धुळीच्या कामास योग्य. मुदत एक वर्ष. कडेला बाईंनी तोच पेन्सिलीचा शहाऐंशी उतरवला.

"पास?" पिठ्याने विचारलं.

"पास," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या भुवईवरचं पीठ पदराने पुसलं.

नवीन मशीन यायला त्यानंतर सहा महिने लागले. आलं तेव्हा सोमवारच होता. खोक्यातून काढलेल्या मशीनचा तो कोरा वास, पडद्यावर अजून चिकटलेलं प्लास्टिक. बाईंनी सिरिंज लावली. तीन लिटर. मग चिमटा लावला, पाठ ताठ केली आणि फुंकलं. आता दोन ऐंशी येणार आणि इंजिनियरच्या तोंडावर वही नेऊन आपटायची, असं त्यांनी कधीचं मनात योजलं होतं.

दोन लिटर त्रेचाळीस.

त्यांनी पुन्हा फुंकलं. दोन बेचाळीस. तिसऱ्यांदा दोन चाळीस, आणि खोकल्याची उबळ.

 बाईंनी उठून कोपऱ्यात फडक्याखाली झाकून ठेवलेलं जुनं मशीन ओढलं, चालू केलं, त्यात फुंकलं. दोन बेचाळीस. खिडकीवालीला हाक मारली. ती रोज सकाळी धावायला जाणारी मुलगी. तिला आधी नव्यात फुंकायला लावलं, मग जुन्यात. दोन्हीकडे तीन लिटर दहा.

"छान ना?" खिडकीवालीने विचारलं.

"छान," बाई म्हणाल्या. हातांनी सवयीने तिची नळी काढून निळ्या टबात टाकली. द्रावणाचा वास नाकात गेला. खोकला आला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी त्या टबाकडे नीट पाहिलं.

मग त्यांनी सोमवारची वही काढली. सगळे सोमवार. रविवारची सुट्टी भोगून आलेले, आठवड्यातले सगळ्यांत चांगले श्वास. शुक्रवारी काय आलं असतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण नियमात सोमवार लिहिला होता. आणि दोन त्रेचाळीस म्हणजे पुस्तकाच्या दृष्टीने त्या अजूनही निरोगीच होत्या. त्यांच्या उंचीच्या बाईला तेवढं चालतं. कमी झालं होतं ते त्यांच्या स्वतःच्या मानाने. कुणाच्या लक्षात येणार? फक्त सिरिंजच्या आलं होतं, आणि तिचं त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या कपाटात पेन्सिलीचे कागद होते. बाईंनी ते मोजले नाहीत. गठ्ठा हातात धरूनच डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"सर, जुनं मशीन बरोबर होतं."

डॉक्टरांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते वाईट माणूस नव्हते. "पेन्सिल मीच सांगितली होती," ते म्हणाले. "तुम्ही एकट्यांनी अंगावर घेऊ नका हे."

"सांगितली तुम्ही. श्वास माझा होता."

ठरलं असं की गठ्ठ्यातल्या प्रत्येकाला पत्र पाठवून परत बोलवायचं. पत्र पेशंटलाच जाईल, त्याच्या मालकाला नाही. माणसाचा आजार त्याचा त्याने सांगायचा असतो. आणि सगळ्यांत आधी बाईंची चिडवायची टेस्ट.

ती टेस्ट करणारं त्या खोलीत बाईंशिवाय कुणी नव्हतं, म्हणून डॉक्टर स्वतः बसले. "फुंका," ते म्हणाले, जसं एखाद्याला चहा घेता का विचारावं.

"असं नाही सर. ओरडा."

"फुंका, फुंका."

"पोटातून ओरडा. पेशंटला वाटलं पाहिजे की आपण सोडलं तर तुम्ही माराल."

"फुंका! अजून! अजून!" डॉक्टर लाल होऊन ओरडले, आणि बाईंना त्याही स्थितीत हसू आलं. खाऱ्या पाण्याला काही झालं नाही. पहिल्या पातळ वाफेला श्वास नऊ टक्क्यांनी पडला. दुसऱ्या वाफेनंतर बाईंना छातीवर कुणीतरी ओलं गाठोडं ठेवल्यासारखं वाटलं, आणि फुंकायला गेल्या तर आत हवा होती पण दार नव्हतं. चोवीस टक्के. हजारो लोकांना त्यांनी या खुर्चीत हेच करताना पाहिलं होतं आणि दर वेळी म्हटलं होतं, घाबरू नका, आता पंप देते. घाबरू नका म्हणणं किती सोपं असतं ते त्यांना आत्ता कळलं. त्या प्रचंड घाबरल्या.

"द्रावण," डॉक्टर पंप देत म्हणाले. "आता या खोलीत यायचं नाही तुम्ही. उद्यापासून खाली नोंदणीच्या खिडकीवर बसा. खिडकीवालीला इथलं शिकवू."

"आणि बंद केलं की बरं वाटेल?"

"काहींना वाटतं. लवकर बंद केलं तर. काहींच्या नळ्या मात्र एकदा बिघडल्या की..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बाईंना ते पुरं पाठ होतं. किती लवकर, यावर सगळं असतं.

त्यांनी पिठ्याच्या घरी फोन लावला. भावजयीने उचलला.

"अहो ताई, मीच करणार होते तुम्हाला. मुकादम झाल्यापासून ह्यांचं काही खरं नाही. दोन जिने चढले की बसतात. शेजाऱ्याचा पंप मागून आणतात. मी म्हटलं ताईंना दाखवा, तर म्हणतात, ताईने पास केलंय मला, आता काय दाखवू?"

शनिवारी दोघं आली. पिठ्या दारातून आत आला तेव्हाच बाईंना उत्तर कळलं. तो बोलताना तीन शब्दांनंतर थांबत होता. बाई खोलीच्या दारातच उभ्या राहिल्या, आत जायची त्यांना बंदी होती. आत खिडकीवाली नव्याने शिकलेल्या आवाजात "फुंका, फुंका" म्हणत होती, जरा लाजत. पिठ्याने एकदा मागे वळून ताईकडे पाहिलं, बादलीतून वर आल्यावर पाहायचा तसं, आणि फुंकलं.

एकोणसाठ टक्के.

चिडवायची टेस्ट करायची सोयच उरली नव्हती. इतक्या कमी श्वासाच्या माणसाला ते औषध देत नाहीत. डॉक्टरांनी पंप देऊन पाहिला, आकडा थोडा हलला, फार नाही. मग त्यांनी दोघांना आणि बाईंना आपल्या खोलीत समोर बसवून सांगितलं. पीठ आजच्या आज सोडायचं. एक पोतंही नाही, उभं राहून देखरेखही नाही. नळ्या आता इतक्या हुळहुळ्या झाल्यात की पीठ सुटलं तरी थंड हवा, उदबत्ती, जिना, हसू, कशानेही आवळतील. औषध कायमचं.

"सहा महिन्यांपूर्वी सोडलं असतं तर?" भावजयीने विचारलं.

डॉक्टर टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

बाईंना सांगता येत होतं. भावजय औषधं आणायला खाली गेली तेव्हा बाई पिठ्याला घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. वही, सिरिंज, पेन्सिल. अठ्ठ्याहत्तर आणि शहाऐंशी. सांगताना दोनदा खोकल्या. वाटलं होतं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं.

"म्हणजे मशीन बरोबर होतं?" पिठ्याने विचारलं.

"हो."

"आणि तू आजारी."

"हो रे."

 छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती, त्याची की आपली, बाईंना कळेना. मग तो हळूच म्हणाला, "ताई, पेन्सिल आहे का गं तुझ्याकडे?"

"काय?"

"आजच्या कागदावर. एकोणसाठ नको. काहीतरी बरं लिही."

"वेडा झालास का? मरशील."

"मला दुसरं काय येतं? वीस वर्षं पीठच मळलंय. कारखान्यात पिठाशिवाय जागा आहे कुठली? मुकादम म्हणून आता कुठे पोरं नमस्कार करायला लागलीत." तो थांबला, श्वास घेतला. "लिही ना."

"नाही लिहिणार."

"तेव्हा मी मागितलंही नव्हतं," पिठ्या म्हणाला. आवाज चढवायची ताकद त्याच्यात नव्हती, त्यामुळे ते अगदी साधं बोलल्यासारखं झालं. "तेव्हा न विचारता लिहिलंस. आता तोंड उघडून मागतोय, तर नाही."

 यावर बाई जे काही बोलल्या असत्या ते सगळं खोटं असतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

पिठ्याने खिशातून पाकीट काढलं, त्यातून घडी घातलेला, प्लास्टिकमध्ये घातलेला कागद. सहा महिन्यांपूर्वीचा दाखला. कडेला बाईंच्या नीटस अक्षरातलं शहाऐंशी. प्लास्टिकखाली असल्याने पेन्सिल जराही फिकट झाली नव्हती.

"याच्यावर अजून सहा महिने आहेत," तो म्हणाला. कागद परत आत घातला आणि उठला. "हिला काही बोलू नकोस. औषध घेईन मी."

"अरे, दे तो इकडे."

तो जिन्याकडे निघाला. बाई उठल्या आणि मागे धावल्या. धावल्या म्हणजे चार पायऱ्या भराभर उतरल्या. मधल्या सपाटीपर्यंत पोचल्या तोच छातीवर ते ओलं गाठोडं येऊन बसलं. पंप वरच्या बाकावर पर्समध्ये राहिला होता. त्यांनी त्याला हाक मारायला तोंड उघडलं. अठरा वर्षं ज्या गळ्याने कॅन्टीनपर्यंत आवाज पोचवला, त्यातून नुसती शिट्टी बाहेर पडली.

खालच्या वळणावर पिठ्याही थांबला होता. कठडा धरून, वाकून. दोघांच्या मध्ये जेमतेम बारा पायऱ्या. बाईंना त्याची पाठ वरखाली होताना दिसत होती. त्या उतरू शकत नव्हत्या, तो चढला नसता. वरच्या खोलीत खिडकीवालीने पुढच्या पेशंटला फुंकायला लावलं होतं. आता तिचा आवाज चांगलाच चढला होता.

श्वास आधी पिठ्याला सापडला. या वेळी तो जिंकला. वर न बघता त्याने एक हात हलवला, ये म्हणून की नको म्हणून ते कळलं नाही, आणि एकेक पायरी उतरत गेला. खाली भावजयीचा आवाज आला, "झालं का बोलून?" तो म्हणाला, "झालं." मग दार उघडलं आणि बंद झालं.

बाई कठडा धरून तशाच उभ्या राहिल्या. शनिवार होता. कारखान्यात सोमवारी सकाळी सहा वाजता पहिलं पोतं उघडतात.